दोन खेपांमधला पूल

मराठी माणसाची लखनौशी ओळख बहुधा गाण्यातून होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली तिथे सुरू झालेलं मॅरिस कॉलेज आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. गाण्याशी ज्यांचं देणंघेणं नाही, त्यांना चौक भागातले कबाब ठाऊक असतात. त्यातल्या गलौटी कबाबाची दंतकथा गावभर सांगितली जाते. एका नवाबाचे दात गेले, पण जिभेची हौस गेली नाही. खानसाम्याने मग खिमा पिठासारखा बारीक वाटला, कच्ची पपई लावून तो मुरवला आणि चावायची गरजच पडू नये असा कबाब पेश केला. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यातली अडचण खरी आहे. दात परत आणायची सोय नव्हती, म्हणून अन्नच बदलावं लागलं.

या कबाबांसाठी नावाजलेलं टुंडे कबाबीचं दुकान १९०५ सालचं म्हणून सांगितलं जातं. त्याच वर्षी २६ डिसेंबरला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, यांनी लखनौत एका वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला बसवली. सर स्विंटन जेकब यांनी आखलेल्या घुमट-कमानींच्या इमारतींत १९११ मध्ये किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज सुरू झालं. २००२ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं आणि त्यानंतर काही काळ ते छत्रपती शाहूजी महाराज मेडिकल युनिव्हर्सिटी या नावाने चाललं. शाहू महाराजांना ‘राजर्षी’ ही पदवी मिळाली ती १९१९ मध्ये, लखनौच्या शेजारच्या कानपुरात, कुर्मी समाजाच्या अधिवेशनात. त्यामुळे कोल्हापूरच्या राजाचं नाव तिथे वाटतं तितकं परकं नव्हतं. २०१२ पासून संस्था पुन्हा किंग जॉर्ज झाली. मधल्या काळात काही वर्षे तिच्या दंतशाखेचं स्वतंत्र विद्यापीठही होतं. शहरात बाबू बनारसी दास, सरदार पटेल, सरस्वती अशी आणखी दंतमहाविद्यालयं आहेत. बहराइच, गोंडा, सीतापूर, हरदोई, लखीमपूर इथून माणसं दाताच्या कामासाठी लखनौ गाठतात.

या सगळ्या महाविद्यालयांत रोज हाताळली जाणारी एक क्षुल्लक दिसणारी वस्तू आहे. पक्की कॅप किंवा ब्रिज लॅबमधून येईपर्यंत घासलेल्या दातावर चढवली जाणारी ॲक्रिलिकची टोपी. पेशंट तिला ‘टेम्पररी’ म्हणतो आणि विसरून जातो. ती तुटली की मात्र आठवण येते. तिला मजबूत कसं करायचं, यावर जगभरात चार दशकांपासून संशोधन चालू आहे आणि भारतातल्या दंतमहाविद्यालयांतला तो एक आवडता विषय आहे. मला त्यातून दिसलेली गोष्ट अशी: टोपी किती जोराला तुटते, हे आपण फार काळजीपूर्वक मोजतो. ती तुटते तेव्हा पेशंट किती दूर असतो, हे मोजायचं राहून जातं.

पंधरा दिवसांचा करार

कॅप बसवायची म्हणजे आधी दात कमी करायचा. चावायच्या बाजूने साधारण दीड ते दोन मिलिमीटर, कडेने त्याहून थोडं कमी. एनॅमलचं कवच जातं आणि आतला सूक्ष्म नळ्यांचा थर उघडा पडतो. दात जिवंत असेल तर गार पाणी, वारा, गोड असं काहीही लागलं की कळ मस्तकात जाते. रूट कॅनल झालेला असेल तर कळ येत नाही, पण पोखरलेला दात चावताना उभा चिरण्याची भीती असते.

टेम्पररी कॅप हे सगळं झाकते. तिची आणखी कामं पेशंटला दिसत नाहीत. घासलेल्या दाताला समोरच्या जबड्यातला दात भेटला नाही, तर तो हळूहळू त्या रिकाम्या जागेकडे सरकू लागतो. शेजारचे दात कलतात. मग लॅबमधून आलेली पक्की कॅप बसत नाही आणि माप पुन्हा घ्यावं लागतं. टेम्पररीने दात जागच्या जागी राहतात आणि हिरडीची कड नीट वळण घेते. शिवाय पक्क्या कामाची ती रंगीत तालीम असते: उच्चार अडखळतात का, ओठ नीट मिटतो का, चावताना कुठे आधी टेकतं, हे तिच्यावर पाहून घेता येतं.

पुस्तकातला करार आठवडा-पंधरा दिवसांचा. प्रत्यक्षात तो लांबतोच. कधी कारण वैद्यकीय असतं. पूर्ण तोंडाचं काम असेल, इम्प्लांटभोवतीचं हाड भरायचं असेल, जबड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर टेम्पररीवर महिने काढावे लागतात. पान, सुपारी आणि गुटख्याच्या या पट्ट्यात तोंड आखडण्याचा आजारही खूप आहे. गालाच्या आतला थर ताठरतो, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, आणि जे काम दोन खेपांत व्हायचं त्याला चार लागतात.

इतर कारणं कॅलेंडरची आणि खिशाची. शे-सव्वाशे किलोमीटरवरून येणाऱ्याचा दिवसाचा रोज बुडतो. गव्हाची कापणी, घरातलं लग्न, पोराची परीक्षा यांपुढे दाताची तारीख मागे पडते. आपल्याकडे दातांचा खर्च बहुतेक जण स्वतःच्या खिशातून करतात, त्यामुळे पक्क्या कॅपचे पैसे जमेपर्यंत टेम्पररीच चालवली जाते. दुखत नाही म्हटल्यावर घाई कशाची? मराठवाड्यातून पुण्याला किंवा खानदेशातून नाशिकला येणाऱ्या पेशंटचं गणितही असंच असतं. पंधरा दिवसांसाठी घडवलेल्या वस्तूवर तीन-चार महिने भाकरी, भाजलेले चणे आणि सुपारी यांचा मारा होतो.

विमानाच्या काचेतून तोंडात

हे ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, पीएमएमए. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये ते ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने आणलं. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास ते ‘पर्स्पेक्स’ झालं. लढाऊ विमानांच्या पारदर्शक छत्र्या त्याच्या बनल्या. तोवर कवळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या काळपट-तांबूस रबराच्या असत. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक आलं आणि हिरडीच्या रंगाची कवळी मिळू लागली.

या पदार्थाचा शरीरातला प्रवास अजब आहे. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत छत्रीचे तुकडे घुसले, तेव्हा ते तुकडे डोळा मुकाट्याने सहन करतो, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं. १९४९ मध्ये त्यांनी याच पदार्थाचं भिंग मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात बसवलं. दहाएक वर्षांनी जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसवण्यासाठी ॲक्रिलिकचं सिमेंट वापरलं. ती कल्पना त्यांना मँचेस्टरच्या दंतपदार्थांच्या अभ्यासकाकडून, डेनिस स्मिथ यांच्याकडून मिळाली होती. हाडांच्या डॉक्टरांनी दातांच्या डॉक्टरांकडून घेतलेली ही उसनवारी.

दवाखान्यात ते दोन बाटल्यांत येतं, पावडर आणि लिक्विड. पावडरमध्ये आधीच तयार झालेल्या पॉलिमरचे बारीक मणी आणि बेंझॉइल पेरॉक्साइड. लिक्विडमध्ये मोनोमर, रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं एखादं रसायन आणि विक्रिया पेटवणारं एक अमाइन. उष्णता न देता तोंडाच्या तापमानाला घट्ट होण्याची ही युक्ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत निघाली. भारतात हे काम स्वस्तात होतं याचं बरंच श्रेय मुंबईला. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या डीपीआय या विभागाच्या पावडर-लिक्विडच्या बाटल्या लखनौपासून लातूरपर्यंतच्या दंतविद्यार्थ्यांच्या हाताला सवयीच्या आहेत.

दोन्ही एकत्र केलं की आधी ओल्या वाळूसारखं मिश्रण, मग त्याच्या तारा निघतात, मग ते मळलेल्या कणकेच्या अवस्थेला येतं. दात घासण्यापूर्वी घेतलेल्या मापात ते भरून घासलेल्या दातावर दाबायचं, थोडं घट्ट व्हायला लागलं की काढायचं, पुन्हा बसवायचं, पुन्हा काढायचं. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलं तर ते अडकतं आणि तापतंही. जाक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर दाखवलं होतं की दाताच्या आतलं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं, तर जवळपास १५ टक्के दातांतला जिवंत गाभा सावरत नाही. त्यामुळे पाण्याचा फवारा हाताशी ठेवावा लागतो.

दोष आणखी आहेत. घट्ट होताना पदार्थ आकसतो: नुसता मोनोमर आकारमानाने २१ टक्के, नेहमीच्या प्रमाणातलं मिश्रण सहा-सात टक्के. आपोआप घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकमध्ये तीन ते पाच टक्के मोनोमर तसाच उरतो. उष्णता देऊन केलेल्या ॲक्रिलिकमध्ये तो अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतो. उरलेला मोनोमर पदार्थाला मऊ करतो, हिरडीला झोंबतो आणि तोंडात त्याचा वास राहतो. हाताने घोटताना हवेचे बुडबुडे अडकतात. लाळेतलं पाणी हळूहळू आत मुरतं. लवंगेचा अर्क असलेलं सिमेंट वापरलं तर तेही ॲक्रिलिकला नरम करतं. आणि मूळ स्वभाव ठिसूळ. दाबाला ते बऱ्यापैकी टिकतं, ताणाला फार लवकर हार मानतं.

इमामबाड्याला तुळई लागत नाही

दाबाला टिकणाऱ्या आणि ताणाला फुटणाऱ्या पदार्थाचं काय करायचं, याचं एक भव्य उत्तर किंग जॉर्जपासून जवळच उभं आहे. १७८४ च्या दुष्काळात आसफउद्दौलाने लोकांना काम मिळावं म्हणून बांधायला घेतलेला बडा इमामबाडा. त्याचं मधलं दालन जवळपास ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे आणि त्याच्या छताला ना लोखंड ना लाकडी तुळई. विटा आणि चुना दोन्ही ताणाला कच्चे. कारागिरांनी छताला कमानीचा आकार दिला, त्यामुळे सगळा भार दाब बनून भिंतींतून जमिनीत उतरला. पदार्थाचा दुबळेपणा त्यांनी आकाराने झाकला.

दाताच्या ब्रिजला ही मुभा नसते. समजा एक दाढ गेली आहे. दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर टोप्या आणि मध्ये खोटा दात. चावलं की मधला दात खाली दबतो. वरच्या बाजूला दाब पडतो, हिरडीकडच्या बाजूला ताण. कमान करायला जागा नाही, कारण वर समोरचा दात आहे आणि खाली हिरडी. ताण सर्वांत जास्त एकवटतो तो टोपी आणि खोटा दात यांना जोडणाऱ्या अरुंद सांध्यात, त्याच्या खालच्या कडेला. टेम्पररी ब्रिज बहुतेक वेळा तिथेच तुटतात.

इथे भूमितीचे नियम निर्दय आहेत. आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की वाकणं आठपट होतं, तिप्पट झालं की सत्तावीसपट. एका दाढेच्या जागी तीन दाढांची फट भरायची असेल तर पदार्थ तोच राहून संकट सत्तावीसपट होतं. उलट सांध्याची उंची दुप्पट केली तर तो चौपट जोर सोसतो. म्हणून मजबुतीचा पहिला आणि फुकटातला उपाय म्हणजे सांधा उंच ठेवणं. पण फार उंच केला तर खाली हिरडीवर दाबतो, स्वच्छ करता येत नाही, अन्न अडकून हिरडी सुजते. जागा संपते तिथे पदार्थाच्या पोटात काहीतरी घालायचा विचार सुरू होतो.

तार, कोळसा, काच

पहिला विचार तारेचा. दात सरळ करायच्या स्टीलच्या तारेचा तुकडा ओल्या ॲक्रिलिकमध्ये दाबून टाकायचा. अजूनही कित्येक ठिकाणी हेच करतात. तार मजबूत असते, पण ॲक्रिलिक तिला चिकटत नाही. घट्ट होताना ते आकसतं आणि तारेभोवती सूक्ष्म फट राहते. भार आला की तार आपल्या जागी थंड बसून राहते आणि तिच्या कडेनेच चीर धावते. वाळूच्या माऱ्याने तार खरखरीत केली तर थोडी पकड येते, पण तार पातळ टोपीत मावतेच असं नाही आणि कधी कधी पांढऱ्या रंगाखालून करडी झाक मारते.

मग विमान आणि बोटी बांधणाऱ्यांकडचे तंतू दंतशास्त्रात आले. कार्बनचे तंतू ताकदवान, पण काळे. पुढच्या दातात कोण घालून घेईल? ॲरामिड, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटांतला केव्हलार, पिवळा आणि पॉलिशला न जुमानणारा. कड उघडी पडली की तंतू पिंजतात आणि जिभेला टोचतात. पॉलिइथिलीनचे तंतू पांढरे आणि चिवट, विणलेल्या पट्टीच्या रूपात मिळतात. पण त्यांना ॲक्रिलिकसारखी राळ चिकटत नाही. पृष्ठभागावर प्लाझ्माची प्रक्रिया करून ती चिकटायला लावावी लागते.

शेवटी सर्वांत जास्त टिकली ती काच. पारदर्शक, रंगाला न बाधणारी, ॲक्रिलिकपेक्षा वीस-तीसपट ताठ. काचेच्या तंतूला सायलेन नावाच्या रसायनाचा हात दिला, की त्या रेणूचं एक टोक काचेला धरतं आणि दुसरं राळेला. १९९१ मध्ये सॉल्निट यांनी सायलेन लावलेल्या आणि न लावलेल्या तंतूंची तुलना प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू इथे पेक्का वाल्लित्तू यांनी या प्रश्नाचा सांगोपांग अभ्यास केला. घोटलेलं ॲक्रिलिक दाट असतं आणि त्यातले मणी तंतूंच्या जुडग्यात शिरण्याइतके लहान नसतात, ही अडचण त्यांच्या कामातून स्पष्ट झाली. जुडग्याच्या आत कोरडी जागा राहते आणि ती पुढे पोकळी बनते. बाहेरून दिसतो तंतू घातलेला ब्रिज, प्रत्यक्षात असतो पोकळी घातलेला. त्यातून आधीच राळेत भिजवून ठेवलेल्या तंतूंची कल्पना पुढे आली. असे तंतू महाग पडतात. साध्या दवाखान्यात काचेची पट्टी आधी मोनोमरमध्ये भिजवून, मग ओल्या ॲक्रिलिकमध्ये ठेवणं हा जमणारा मार्ग.

या अभ्यासातलं मराठी मुलखाचं योगदान नागपूरचं आहे. २०१२ मध्ये कोरियाहून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ ॲडव्हान्स्ड प्रॉस्थोडॉन्टिक्स’मध्ये तिथल्या संशोधकांनी साधं पीएमएमए आणि टेम्पररीसाठीच वापरलं जाणारं बिस-ॲक्रिल कंपोझिट या दोन्हींत काचेचे आणि पॉलिइथिलीनचे तंतू घालून केलेली तुलना प्रसिद्ध झाली. सायलेन लावलेल्या काचेने दोन्ही पदार्थांची वाकवून मोडण्याची ताकद साधारण चतुर्थांशाने वाढवली. पॉलिइथिलीनने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. तंतूची स्वतःची ताकद एवढाच प्रश्न असता तर पॉलिइथिलीन इतकं मागे पडलं नसतं. तंतू आणि राळ एकमेकांना धरतात की नाही, यावर सगळं ठरतं.

दुसरा नियम दिशेचा. सगळे तंतू ताणाच्या दिशेने एकाच रांगेत असतील तर त्यांची पूर्ण ताकद त्या दिशेला मिळते. दोन दिशांनी विणलेले असतील तर हिशेबाने निम्मी. बारीक कापून सर्व दिशांना विखुरले तर जेमतेम पंचमांश. तिसरा नियम जागेचा. तंतू ताणाच्या बाजूला हवा, म्हणजे ब्रिजमध्ये हिरडीकडे. वरच्या बाजूला घातला तर तो फारसा कामी येत नाही. आणि एका बाजूनेच आधार असलेल्या, लोंबत्या खोट्या दाताच्या बाबतीत गणित उलटतं. तिथे ताण वरच्या बाजूला येतो. हे ज्याला कळलं त्याने वीस रुपयांच्या तंतूत जे साधलं, ते न कळलेल्याला दोनशे रुपयांतही साधणार नाही.

गेली काही वर्षे नॅनो कणांची लाट आहे. झिर्कोनिया, सिलिका, टायटेनियम ऑक्साइड, ॲल्युमिना यांचे अतिसूक्ष्म कण पावडरमध्ये मिसळायचे. थोड्या प्रमाणात ते चिरेला वाट बदलायला लावतात. प्रमाण वाढलं की त्यांच्याच गाठी बनतात आणि प्रत्येक गाठ नव्या चिरेचं उगमस्थान होते. भर जास्त घातली की गुण जास्त येतो, हा समज इथे खोटा ठरतो.

‘टक्’ आणि त्यानंतरचं मौन

हा विषय एमडीएसच्या, म्हणजे दंतशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, प्रबंधांना इतका का मानवतो, हे समजणं अवघड नाही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात प्रबंध सक्तीचा, विषय पहिल्या काही महिन्यांत ठरवायचा. पेशंटवर प्रयोग करायचा तर नैतिक समितीची परवानगी, पाठपुरावा, गळती. ॲक्रिलिकच्या पट्ट्यांना यातलं काहीच लागत नाही. स्टीलचा साचा करून घ्यायचा, व्हॅसलिन लावायचं, प्रत्येक गटाच्या दहा-पंधरा पट्ट्या भरायच्या, वाळूच्या कागदाने घासून मापात आणायच्या, ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायच्या आणि मग ताकद मोजायच्या यंत्राकडे न्यायच्या. कॉलेजात यंत्र नसेल तर गावातली अभियांत्रिकी संस्था शोधायची. लखनौत तर केंद्र सरकारच्या ‘सिपेट’ या प्लास्टिक अभियांत्रिकी संस्थेचं केंद्रही आहे.

कसोटी साधी असते. पट्टी दोन आधारांवर ठेवायची आणि वरून मधोमध दाबत न्यायचं. कवळीच्या पदार्थाच्या आंतरराष्ट्रीय मानकात पट्टी ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद, ३.३ जाड आणि आधारांमधलं अंतर ५० मिलिमीटर. उष्णता देऊन केलेल्या ॲक्रिलिकने किमान ६५ मेगापास्कल सोसावेत, अशी अट. गणित मांडलं तर हा भार साडेनऊ किलोच्या आसपास येतो. ‘टक्’ असा आवाज होतो, आलेख एकदम खाली कोसळतो, आकडा वहीत जातो.

तोंडातला हिशेब वेगळा. मागच्या दाढांवर माणूस जास्तीत जास्त ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे ५० ते ७० किलोंचा जोर लावू शकतो. रोजचं चावणं त्याहून खूप हलकं, पण ते एकदा होत नाही, हजारो वेळा होतं. बहुतेक टेम्पररी एका दणक्यात तुटत नाहीत, थकून तुटतात. उकळत्या चहामागून मलईदार कुल्फी आली की पदार्थ फुगतो-आकसतो. पानातला चुना आणि कात बारीक छिद्रांत बसतात. काही अभ्यासांत ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात पट्ट्या आलटून पालटून बुडवतात, वारंवार भार देऊन थकवतात. पण वेळ आणि यंत्र दोन्ही लागत असल्याने बरेच प्रबंध एका ‘टक्’वर थांबतात. त्या आकड्यांनी पदार्थांची आपापसांतली क्रमवारी लागते. टोपी किती दिवस टिकेल, हे त्यातून निघत नाही.

तुटायचं असेल तर कसं तुटावं

तंतूंच्या अभ्यासांत ताकदीच्या तक्त्याखाली बहुधा एक छोटं वाक्य असतं, मोडण्याच्या प्रकाराबद्दल. साधी पट्टी सरळ दोन तुकडे होऊन पडते. काचेचा तंतू असलेली पट्टी तडकते, पण तंतू दोन्ही भाग धरून ठेवतात. माझ्या मते सगळ्या तक्त्यातली हीच सर्वांत मोलाची नोंद आहे.

बहराइचजवळच्या गावात रात्री जेवताना ब्रिज तुटला असं समजा. दोन तुकडे झाले तर एक गिळला जाण्याची, क्वचित श्वासनलिकेत जाण्याची भीती. उघडा पडलेला दात कळा मारू लागतो. सकाळची गाडी पकडून लखनौ गाठेपर्यंत दिवस गेला, रोज बुडाला. नाही गाठलं तर आठवड्यात शेजारचा दात सरकू लागतो आणि लॅबमध्ये तयार असलेला पक्का ब्रिज बसेनासा होतो. तोच ब्रिज नुसता तडकला आणि तंतूंनी धरून ठेवला, तर त्या माणसाला काही दिवस मिळतात. तो आपल्या सोयीने येऊ शकतो. ताकद चतुर्थांशाने वाढली, यापेक्षा ही सवलत त्याच्या दृष्टीने मोठी आहे.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. बिस-ॲक्रिल पदार्थ पिचकारीसारख्या बंदुकीतून सरळ मिसळून येतो, कमी तापतो, कमी आकसतो, वास नाही, रंग छान. शहरी दवाखान्यांनी तो उचलला हे योग्यच. पण तो महाग, आणि तुटला की जोडायला त्रासदायक. पीएमएमएची गंमत म्हणजे तुटलेल्या कडेवर मोनोमर लावला की ती मऊ होते आणि नवी पावडर तिच्यात मिसळून जाते. तालुक्याच्या गावातला डेंटिस्टही दहा मिनिटांत तो जोडून देऊ शकतो. लखनौला यायची गरजच पडत नाही.

तिसरी वाट यंत्राची. कारखान्यात प्रचंड दाबाखाली घट्ट केलेल्या पीएमएमएच्या चकतीतून संगणकावर आखलेली टोपी कोरून काढतात. त्यात बुडबुडे जवळजवळ नसतात, उरलेला मोनोमर नगण्य असतो, म्हणून हाताने घोटलेल्यापेक्षा ती निश्चित मजबूत. थ्रीडी प्रिंटरने थरावर थर चढवूनही आता टोप्या करतात. तिथे थर कोणत्या दिशेने रचले आणि नंतर प्रकाशात किती वेळ पक्के केले, यावर ताकद ठरते. काही महिने टिकवायचं काम असेल तर हे पर्याय उत्तम आहेत. पण यंत्र, लॅब आणि खर्च पाहता पावडर-लिक्विडच्या बाटल्या इतक्यात कपाटात जाणार नाहीत.

म्हणून स्वस्त ॲक्रिलिक सुधारणं हेच आपल्याकडचं खरं काम राहतं, आणि त्यातला बराचसा भाग फुकटात होतो. पावडर-लिक्विडचं प्रमाण डोळ्यांनी न ठरवता मोजून घेणं. घट्ट होताना टोपी कोमट पाण्यात दाबाखाली ठेवणं, त्याने बुडबुडे दबतात आणि मोनोमर कमी उरतो. सांधा हिरडीला न दुखावता शक्य तितका उंच ठेवणं. लवंगेच्या अर्काचं सिमेंट टाळणं. आणि लांब ब्रिज असेल तर सायलेन लावलेली काचेची पट्टी, नीट भिजवून, ताणाच्या बाजूला.

महाविद्यालयांकडून एक अपेक्षाही करावीशी वाटते. दरवर्षी देशभर शेकडो पट्ट्या मोडल्या जातात. पेशंटच्या तोंडात मोडलेल्या टेम्पररी मात्र कचऱ्यात जातात. त्या ठेवल्या आणि प्रत्येकीसोबत चार गोष्टी लिहिल्या, कितव्या दिवशी, कोणत्या सांध्यात, काय खाताना, आणि पेशंट किती अंतरावरून आला, तर पाच वर्षांत लखनौकडे किंवा नागपूरकडे असा संग्रह होईल जो कुठल्याही यंत्राने देता येणार नाही. एमडीएसच्या विद्यार्थ्याला त्यातून प्रबंधही मिळेल. तो एका दिवसात ‘टक्’ होऊन संपणार नाही, एवढीच अडचण.

पेशंटच्या हातातही थोडं आहे. टेम्पररी बसवून खुर्चीतून उठण्याआधी विचारावं: ही किती दिवस चालेल असं धरून केली आहे? तुटली किंवा निघाली तर गावच्या डेंटिस्टकडून जोडून घेऊ का? कोणत्या बाजूने चावायचं नाही? आणि आपल्याला पुढच्या तारखेला येणं जमणार नसेल, तर ते लाजून न लपवता आधीच सांगावं. पंधरा दिवसांची टोपी आणि तीन महिन्यांची टोपी वेगळी घडवता येते, पण त्यासाठी घडवणाऱ्याला तीन महिने माहीत असायला हवेत. पुढची तारीख देताना डॉक्टरांनी पेशंटच्या गावची गाडी आणि कापणीचा हंगाम यांची चौकशी केली, तर ॲक्रिलिकमध्ये तंतू घालायचा की नाही, याचं निम्मं उत्तर त्यांना तिथेच मिळेल.